मास्तरकी सांभाळून शिकवणी घ्यावी का? खान्देशातल्या शिक्षकासाठी दोन्ही बाजू

जून उजाडला की स्टाफरूममध्ये हा विषय निघतोच. पगार झाला की ग.स. सोसायटीचा, म्हणजे नोकरदारांच्या पतपेढीचा, हप्ता कापला जातो, घराचं लोन जातं, स्वतःच्या पोराची फी जाते, मग कोणीतरी म्हणतं सर तुमचं गणित एवढं चांगलं, संध्याकाळी एक बॅच का नाही घेत. माझी बाजू आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना कळेल कोण बोलतंय. मी अनुदानित हायस्कूलात आहे, शिकवणी घेत नाही. बायको कुठल्याच शाळेत नाही, ती अकरावी-बारावी कॉमर्सच्या बॅचेस घेते आणि खरंच तीच शिकवते. म्हणजे घरात दोन्ही पार्ट्या आहेत.

पहिले कायद्याचं उरकून घेऊ. शिक्षण हक्क कायदा 2009, त्याचं कलम 28. एका ओळीचं आहे, शिक्षकाने खाजगी शिकवणी किंवा खाजगी अध्यापन करायचं नाही, बस. केलं तर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई. हा कायदा पहिली ते आठवीचा, आणि "शाळा" या शब्दात त्याने विनाअनुदानित शाळाही धरल्यात, त्यामुळे "मी कुठे सरकारी आहे" हे म्हणणं पहिली-आठवीच्या सर-मॅडमना चालत नाही. नववी ते बारावी शिकवणारे या कलमाच्या बाहेर पडतात, पण तिथे सेवाशर्ती आणि नेमणुकीच्या ऑर्डरवरच्या अटी असतात, ती ऑर्डर कपाटातून काढून एकदा नीट वाचा. जिल्हा परिषदवाल्यांना वर 1967 चे वर्तणूक नियम आहेतच.

आता तुम्ही म्हणाल कायदा आहे तरी जळगावला, धुळ्याला देवपुरात, चोपड्यात, शहाद्यात किती सर घेतात. घेतात ना. माझ्या पाहण्यात तक्रार सहसा पालक करतच नाहीत. तक्रार होते ती संस्थेत दोन गट पडले की, मुख्याध्यापकाच्या जागेवरून सिनियॉरिटीचं भांडण लागलं की, नाहीतर गावात ग्रामपंचायतीचं वातावरण तापलं आणि तुमचे काका चुकीच्या पॅनलमध्ये निघाले की. मग माहिती अधिकाराचा अर्ज, बॅच सुटतानाचे मोबाईलवरचे फोटो आणि सगळं गठ्ठ्याने शिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर. दहा वर्षं कोणी काही बोललं नाही म्हणून अकराव्या वर्षी बोलणार नाही असं नसतं.

म्हणून घ्यावी की नाही याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू होत नाही, तुम्ही कुठल्या खुर्चीवर बसलाय त्यावर ते ठरतं. एका बाजूला जिल्हा परिषद आणि शंभर टक्के अनुदानित वाले, दुसऱ्या बाजूला शिक्षण सेवक (सुरुवातीची वर्षं नुसत्या मानधनावरचे), टप्पा अनुदानवाले (शाळेला अनुदान टप्प्याटप्प्याने मिळतं ते), विनाअनुदानित, तासिका तत्त्वावरचे (तासाप्रमाणे पैसे मिळणारे). दोघांचा हिशोब मांडून बघू.

धरा 20 पोरं, महिना 600 रुपये, जून ते फेब्रुवारी 9 महिने. कागदावर 1 लाख 8 हजार. आता यातून वजा करत चला. दोन भाऊ असले की एकाचीच फी, भाऊबंदांचं पोरगं फुकट, दोन-तीन जण दिवाळीनंतर गायब. बाकीच्यांचं, "सर, कापूस इकाई जाऊ द्या, मंग देसू", म्हणजे कापूस विकला जाऊ द्या, मग देऊ. आणि कापसाला भाव नाही म्हणून तो घरातच पडून, तुमची फी पण त्याच्याच खाली दबलेली. रावेर-यावलकडे केळीवाल्यांचा पैसा जरा वेगळ्या वेळी येतो पण वादळात बाग झोपली की तिथेही तेच. वर फळा, पंखे, खोली भाड्याची असेल तर भाडं. हातात 80 हजार उरले तरी मी म्हणेन बरं झालं.

हे 80 हजार कायम शिक्षकाला किती? प्राथमिकचा नवीन कायम झालेला माणूस सुद्धा 29,200 बेसिकवर असतो, त्यावर महागाई भत्ता, घरभाडं धरलं तर दोन महिन्यांच्या पगाराएवढेही नाहीत ते. शिक्षण सेवकाला बघा, प्राथमिकला मानधन 16 हजार, ते सुद्धा जानेवारी 2023 पासून, त्याआधी 6 हजार होतं. त्याला हे 80 हजार म्हणजे पाच महिन्यांचं मानधन. आणि विनाअनुदानितवर आज ना उद्या टप्पा मिळेल म्हणून वर्षानुवर्षं बसलेला माणूस, त्याच्या हातात महिन्याला काय येतं ते तो सासरी सांगत नाही, त्याला तर शिकवणी हीच मेन नोकरी आणि शाळा ही साईडची. म्हणजे ज्याच्याकडे घालवण्यासारखी नोकरी आहे त्याला मिळतं थोडं, आणि ज्याला खरी गरज आहे त्याच्याकडे घालवायला फारसं काही नाही. माझं अर्धं उत्तर इथेच आलं.

मध्ये एक सांगतो. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात साने गुरुजी 1924 ते 1930 मास्तर होते, वसतिगृहातली पोरंही तेच सांभाळायचे, त्यामुळे आमच्या भागात मास्तरने पैशाचा प काढला की समोरचा लगेच गुरुजींचं नाव काढतो. अहो गुरुजींना संसार नव्हता, दोन पोरांच्या ॲडमिशन नव्हत्या. तासिकेवरच्या पोराला गुरुजींचं उदाहरण देणाऱ्याने आधी त्याच्या तासाचे पैसे किती महिने थकलेत ते विचारावं.

आता वेळ. आपल्याकडे निम्मे शिक्षक अपडाऊनवाले, राहायला जळगाव नाहीतर भुसावळ, शाळा आत कुठेतरी, सकाळी गाडी पकडायची, संध्याकाळी साडेसहाला दारात. सातला बॅच, साडेआठला सुटणार, नऊला जेवण आणि मग शाळेच्या ऑनलाईन माहित्या भरत बसा. नंदुरबारला धडगाव-अक्कलकुवा भागात ज्यांची पोस्टिंग आहे त्यांना हा प्रश्नच पडत नाही, तिथे शिकवणी लावणारं गिऱ्हाईकच नाही. एप्रिलमध्ये शाळा सकाळची झाली की दुपार मोकळी मिळते खरी पण त्या उन्हात पत्र्याच्या खोलीत पोरं बसवायची म्हणजे पाप आहे.

त्यात निवडणूक आणि जनगणना ही दोन कामं त्याच शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाला लावता येतात. जनगणनेत माणसं मोजायचा टप्पा फेब्रुवारी 2027 ला ठरलाय, नेमका दहावी-बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर, बॅचवाल्या पालकांना काय सांगणार? आणि पहिली ते आठवीवाल्यांच्या मानेवर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, बसलीय ती वेगळीच. सुप्रीम कोर्टाने 1 सप्टेंबर 2025 ला सांगितलं की ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरलीय आणि टीईटी नाही त्यांनी दोन वर्षांत पास व्हायचं. अशा माणसाने संध्याकाळचे दोन तास पोरांना द्यायचे की स्वतःच्या अभ्यासाला, हे विचारायची पण गरज नाही. नोकरी राहिली तर बाकीचं.

पण मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच आहे, आणि त्याबद्दल स्टाफरूममध्ये कोणी बोलत नाही. शिकवणीला येणारं पोरगं कुठलं? तुमच्याच वर्गातलं. तालुक्याच्या गावात दुसरं येणार तरी कुठून. दहावीला गणित-विज्ञानाचे 40-40 चे दोन पेपर आणि 20 मार्क अंतर्गत, ते 20 तुमच्या हातात. बारावी सायन्सला 70 चा पेपर, 30 चं प्रॅक्टिकल. तुम्ही अगदी देवमाणूस असाल, सगळ्यांना सारखे मार्क दिले असतील, तरी ज्याचं पोरगं तुमच्या बॅचला नाही त्या बापाच्या डोक्यात किडा वळवळणारच. आणि खरं सांगू का, देवमाणूस राहणं अवघड असतं. वर्गात 60 पोरं, त्यातली 15 संध्याकाळी तुमच्याकडे, ती पुढच्या बाकावर बसतात, त्यांना तुमची पद्धत माहीत असते, उत्तरं तीच देतात आणि तुम्हाला वाटतं वर्गाला समजलं. मागच्या बाकावरचं ज्याची आई निंदायला जाते ते पोरगं गप्प, त्याला समजलं नाही हे तुम्हाला कळतच नाही. मुद्दाम वर्गात अर्धवट शिकवणारे महाभाग असतात तेही पाहिलेत, पण मुद्दाम न करता सुद्धा हे होतं. अनुदानितवाल्याने शिकवणी घेऊ नये असं मी म्हणतो त्याचं मोठं कारण हे, कलम 28 नंतर येतं.

बाकीचे रस्ते आहेत ते पटापट बघू. दुसऱ्याच्या क्लासमध्ये रविवारी लेक्चरला जाणं, पैसे पर लेक्चर, खोलीची कटकट नाही, पण क्लासवाला तुमचा फोटो टाकून चौकात फ्लेक्स लावणार म्हणजे पुरावा त्यानेच छापून दिला. शिवाय केंद्राची जानेवारी 2024 ची कोचिंगवरची तत्त्वं 16 वर्षांखालचा विद्यार्थी क्लासला नको म्हणतात, ती कायदा नाहीत पण उद्या कडक झाली तर पहिली झळ क्लासवाल्याला आणि मग लेक्चरवाल्या सरांना. यूट्यूबचं बरेच जण बोलतात. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला 1000 सबस्क्रायबर आणि वर्षात 4000 तास बघितलं गेलं पाहिजे, अहिराणीत कॉमेडी केली तर होईल एक वेळ, त्रिकोणमितीवर वेळ लागतो. आणि नोकरीत असाल तर त्याची परवानगी आधी विचारा.

पाटी बायकोची आणि शिकवतो नवरा, हा आपल्याकडचा सगळ्यात लाडका मार्ग. त्यात पकडले गेलात तर दोघांची नाचक्की, कारण पोरांना विचारलं तर ती एका मिनिटात खरं सांगतात. बायको खरंच शिकवत असेल तर प्रश्नच नाही, पण तरी आमच्या घरी मी नियम केलाय की माझ्या शाळेचं पोरगं तिच्या बॅचला घ्यायचं नाही, दोनदा भांडण झालंय त्यावरून, नियम आहे तसाच आहे.

घरची शेती असेल तर कायम शिक्षकाला मी तीच सांगेन, बटाईने दिलेली असली तरी सुट्टीत लक्ष घाला. पैसा शिकवणीपेक्षा जास्त मिळेल असं नाही, कापसात तर खिशातूनही जाऊ शकतात, पण वर्गात तुमचं मन सरळ राहतं. आणि शिकवायचीच हौस असेल तर शाळेतच नवोदय प्रवेश परीक्षेचे, एनएमएमएस या आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे जादा तास घ्या, फुकट. एनएमएमएस लागली तर पोराला नववी ते बारावी वर्षाला 12 हजार मिळतात, मजुराच्या घरात ही रक्कम मोठी आहे. तुम्हाला रुपया मिळणार नाही हे खरं, पण बदलीच्या वेळी अख्खं गाव आडवं येतं.

विनाअनुदानित आणि तासिकावाल्यांना मात्र मी घेऊ नका म्हणणार नाही, मला तो हक्कच नाही. त्यातल्या नववीच्या पुढे शिकवणाऱ्यांनी ऑर्डर आणि सेवाशर्ती वाचून, काही अट नसेल तर सरळ उघडपणे घ्यावी. आठवीपर्यंतच्यांना कलम आडवं येतं हे वर सांगितलंच, जोखीम त्यांची त्यांनी तोलावी. पण दोघांनीही पोरं दुसऱ्या शाळेची घ्यावीत, शक्यतो दुसऱ्या माध्यमाची, म्हणजे तुम्ही मराठी शाळेत असाल तर बॅच सेमीवाल्यांची (गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकणाऱ्यांची) किंवा इंग्लिश मीडियमची. आपल्या वर्गातलं पोरगं आलंच दारात तर त्याची शंका शाळेच्या मधल्या सुट्टीत सोडवा. फी घेतली की वहीत लिहा, पावती द्या, रिटर्न भरत असाल तर त्यात दाखवा, लपवलेल्या पैशाचं भांडण नंतर महागात जातं. फी जूनला अर्धी आणि दिवाळीनंतर अर्धी ठेवा, महिन्याच्या महिन्याला मागत बसू नका, शेतकऱ्याच्या हातात पैसा महिन्याला येतच नाही. आणि टप्पा मंजूर होऊन पगार सुरू झाला तर चालू बॅच मार्चपर्यंत पुरी करा आणि नवीन ॲडमिशन घेऊ नका, पालकांना ते फेब्रुवारीतच सांगून ठेवा म्हणजे जूनमध्ये त्यांना दुसरा क्लास शोधायला वेळ मिळतो.