बुलेटचा आवाज: जाळी काढायची की ग्लासवूलवाला सायलेन्सर बसवायचा?

माझी ३५० कार्ब्युरेटरवाली आहे आणि मी दोन्ही करून बघितलंय. आधी गॅरेजवाल्याकडून सायलेन्सरच्या आतली, आवाज दाबणारी जाळी काढून घेतली, खर्च जवळजवळ काहीच नाही, पण आवाज घुमत नाही तर फाटतो, थ्रॉटल सोडला की मागे फटफट बार उडतात, आणि महिन्याभराने प्लग काढला तर टोक पांढरंफटक, म्हणजे मिक्स्चर लीन झालेलं (हवा जास्त, पेट्रोल कमी), जेटिंग, म्हणजे कार्ब्युरेटरचे जेट बदलून पेट्रोलचं प्रमाण जुळवणं, न करता गाडी तशीच पळवत होतो ना.

मग ग्लासवूलवाला घेतला. त्यात भोकं असलेल्या नळीभोवती काचेच्या तंतूंची लोकर भरलेली असते, ती कर्कश वरचा आवाज पिते आणि खालचा धक धक तेवढा राहतो, आणि खरं सांगू, बुलेटमध्ये ऐकायचं असतं ते तेवढंच! महाग आहे, लोकर जळली की परत भरावी लागते, जेटिंग इथेही बघावंच लागतं. तरी माझं मत यालाच.

दंडाचं म्हणाल तर आवाजाची मर्यादा ओलांडली की दोन्हीला सारखाच, मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १० हजारांपर्यंत, त्यामुळे डीबी किलर (सायलेन्सरच्या तोंडात बसवलेला, आवाज कमी करणारा भाग) काढू नका आणि ओरिजिनल सायलेन्सर भंगारात तर अजिबात देऊ नका.