नऊ पात्रं, डझनभर अंडी आणि एक खोकला

नाटककार मार्टिन मॅकडोनाचं ‘द क्रिपल ऑफ इनिशमान’ खानदेशातल्या हौशी संघांनी जरूर करावं. १९९६ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये पहिल्यांदा झालेलं हे नाटक १९३४च्या आयरिश बेटावर घडतं. शेजारच्या बेटावर हॉलिवूडवाले सिनेमा काढायला आलेत आणि एक हात, एक पाय अधू असलेल्या बिलीला काहीही करून तिथं पोचायचंय. त्यासाठी तो आजाराचं सोंग रचतो.

पात्रं नऊच. बिलीच्या मानलेल्या मावश्या आणि बातम्यांवर पोट भरणारा जॉनी यांच्या तोंडी अहिराणी झकास बसेल, कारण इथले संवाद तेच ते घोळवत चढत जातात. गाव मात्र तापीकाठी आणू नये. समुद्र आणि होडी काढली की बिलीची ओढच उरत नाही. दुकानाच्या फळीवरचे वाटाण्याचे डबे भरलेलेच हवेत. शेवटी ते कथेत लागतात, आणि रिकामा डबा आवाजावरून लगेच कळतो.

खरी कसोटी हॉलिवूडच्या हॉटेलातल्या खोलीत बिली बोलतो त्या स्वगताची. नटाने ते शंभर टक्के खरं मानून बोलावं. प्रकाशाने किंवा संगीताने आधीच सूचना दिली की पुढचा धक्का, म्हणजे ती नुसती स्क्रीन टेस्टची तालीम होती हा, वाया गेला. तिथली धाप आणि नंतरचा खराखुरा खोकला एकाच सुरात हवा. सोंग कुठं संपलं ते कानाला कळता कामा नये.

चालीसाठी बुटात बोटभर जाड रबराचा तुकडा घालावा, म्हणजे लंगडणं रोज सारखं राहतं. हशा आला की चाल आणखी वाकडी होते. ती खोड तालमीतच मोडावी. हसू गावकऱ्यांच्या बोलण्यावर यायला हवं, बिलीच्या पायावर नव्हे. या भूमिकेसाठी अपंग नट मिळाला तर सर्वांत उत्तम. तो व्हीलचेअर वापरत असेल तर रॅम्प १:१२ उताराचा लागतो. तीन फूट उंच रंगमंचाला छत्तीस फूट! विंगेत एवढी जागा नसते, म्हणून रॅम्प मागच्या दारातून, मध्ये सपाट टप्पा देऊन आणावा.

गावातली दांडगी पोरगी हेलन लोकांच्या डोक्यावर अंडी फोडते, त्यासाठी डझनभर जवळ ठेवावीत. रुंद टोकाला आधीच केसाएवढी चीर दिली की कपाळावर एका ठोक्यात फुटतं, लागत नाही. अंधार होताच दोघांनी रंगमंच ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसावा, नाहीतर पुढच्या प्रवेशात पाय घसरतो. कपडे गार पाण्यातच भिजवावेत. गरम पाण्याने बलक घट्ट बसतो.

भाषांतराची आणि प्रयोगाची परवानगी तालमी लागण्याआधी मागावी. ती हातात आल्यावर मगच संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरकडे, पाठवावी.