डॉसवर पाथ पुरा करण्यासाठी बॅश की फोर-डॉस?

टॅब दाबून पाथ (फाइलीचा पूर्ण पत्ता) पुरा करण्याची सवय असलेल्याने डॉसवर डीजेजीपीपीचा (युनिक्सची साधने डॉसवर आणणाऱ्या संचाचा) बॅश घ्यावा की फोर-डॉस, हा निर्णय मलाही करावा लागला होता आणि दोन्ही शेल (आपण लिहिलेल्या कमांड वाचून चालवणारे प्रोग्राम) बराच काळ वापरल्यानंतरच तो झाला.

बॅश जुळणाऱ्या नावांचा समान भाग भरून थांबतो. फोर-डॉस पहिले जुळणारे नाव पूर्ण लिहितो, मग एफ९ ने पुढे आणि एफ८ ने मागे जाता येते. लांब नावांसाठी बॅशची रीत सरस आहे, यात शंका नाही. परंतु डॉसच्या नावांच्या आठ अक्षरांच्या मर्यादेत दोन-तीन अक्षरे आपणच लिहिल्यावर तिचा लाभ मला फारसा जाणवला नाही. इंग्रजी लहान-मोठ्या (स्मॉल-कॅपिटल) अक्षरांची अडचण बॅशमध्ये एका ओळीने सुटते. मात्र ती ओळ ‘_इनपुटआरसी’ या सेटिंगच्या फाइलीत लिहावी लागते, कारण डॉसचे छोटे नाव टिंबाने सुरू होऊ शकत नाही.

खरी अडचण स्लॅशची आहे. १९८३ साली डॉस २.० मध्ये उपडिरेक्टरी आल्या, तेव्हा पुढे झुकलेला स्लॅश (/) स्विचसाठी, म्हणजे कमांडला दिलेल्या पर्यायांसाठी, आधीच वापरात होता, म्हणून पाथसाठी बॅकस्लॅश (\) आला. डॉसच्या अंतर्गत सेवांना दोन्ही चालतात. त्यामुळे बॅशने पुरा केलेला ‘सी:/वर्क/’ हा पाथ डीजेजीपीपीचे प्रोग्राम निमूट स्वीकारतात. फाइली कॉपी करणाऱ्या एक्सकॉपीसारखा डॉसचा प्रोग्राम मात्र आपली कमांड ओळ स्वतः वाचतो आणि ‘/वर्क’ हा चुकीचा स्विच समजून काम नाकारतो. हाताने बॅकस्लॅश घालावा, तर बॅश तो गिळून टाकतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी तो दोनदा लिहावा लागतो किंवा पूर्ण पाथ अवतरणात घालावा लागतो. ज्या कमांडसाठी टॅबची मदत सर्वाधिक हवी, तिथेच पुरा झालेला पाथ मला पुन्हा दुरुस्त करावा लागे, आणि दिवसातून अनेकदा.

ज्यांचे सर्व काम मेक, जीसीसी आणि ग्रेप या युनिक्सकडून आलेल्या साधनांतच चालते, त्यांना ही अडचण कदाचित कधी भेटणारही नाही. त्यांनी बॅशच ठेवावा. माझ्या कामात डॉसचे जुने प्रोग्राम अधिक असल्यामुळे फोर-डॉस हाच माझा नेहमीचा शेल झाला आहे, आणि कॉन्फिगर स्क्रिप्ट (प्रोग्राम बांधण्याआधीची तयारी करणारी) चालवायची असेल तेवढ्यापुरताच मी बॅश उघडतो.