१४ महिने गळ्यात असलेला स्टेथो: मेडिकलच्या विद्यार्थिनीचा वापरानंतरचा अनुभव

सेकंड एमबीबीएसची क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातलं शिक्षण, सुरू झाली त्या आठवड्यात मी हा स्टेथोस्कोप घेतला. तेव्हापासून मेडिसिनच्या दोन पोस्टिंग झाल्या, पेडियाट्रिक्सची एक झाली, आणि सर्जरीतही तो रोज सोबत होता. कंपनीपेक्षा रचना महत्त्वाची, म्हणून नाव लिहीत नाही. छातीवर टेकवायचा स्टीलचा दोन बाजूंचा चेस्टपीस, एका बाजूला डायफ्राम (ताणलेली पातळ चकती), दुसऱ्या बाजूला खरीखुरी खोल बेल (खालचे सूर ऐकायची वाटी), जाड भिंतीची ट्यूब, वजन १५० ग्रॅमच्या आसपास. मला ३,५०० रुपयांच्या आत पडला.

त्याआधी फर्स्ट इयरला एक स्वस्तातला होता. फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला बीपी मोजण्यापुरता तो चालला. बीपी मोजताना ऐकायचे, कोरोटकॉफ या रशियन डॉक्टरनं १९०५ मध्ये सांगितलेले ते ठोके शांत खोलीत, तरुण मित्राच्या दंडावर कुठल्याही नळीतून ऐकू येतात. वॉर्डात मात्र डोक्यावर पंखा फिरत असतो, शेजारच्या खाटेवर कुणी खोकत असतं, नातेवाईक बोलत असतात. तिथे ट्यूबच्या भिंतीची जाडी आणि कानात नीट बसणारी टोकं यांची किंमत कळते. कानातली टोकं पुढच्या बाजूला, नाकाच्या दिशेनं वळलेली हवीत. पहिले तीन दिवस मी उलटी घालत होते आणि आवाज दबका येतो म्हणून दुकानदाराला फोनही केला होता.

पहिला महिना फक्त हृदयाच्या ठोक्यातला ‘लब’ कुठला आणि ‘डब’ कुठला हे ओळखण्यात गेला. हृदय ७२च्या गतीनं चालत असेल तर एक फेरी ०.८ सेकंदात संपते, आणि त्यात दोन्ही आवाज वेगळे करायचे असतात. आमच्या रेसिडेंट मॅडमनी युक्ती सांगितली: एक बोट मानेतल्या कॅरोटिड धमनीवर ठेव, नाडीबरोबर येतो तो पहिला आवाज. पहिला म्हणजे मायट्रल आणि ट्रायकस्पिड झडपा मिटल्याचा, दुसरा म्हणजे एऑर्टिक आणि पल्मोनरी झडपांचा. खोल श्वास घेतला की छातीतला दाब कमी होतो, उजव्या बाजूला जास्त रक्त येतं, पल्मोनरी झडप किंचित उशिरा मिटते आणि दुसरा आवाज दोन तुकड्यांत ऐकू येतो. हे वाक्य मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. हॉस्टेलमध्ये रूममेटच्या छातीवर, डावीकडे दुसऱ्या फासळीच्या खालच्या फटीत, ते पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मी तिला वीस-पंचवीस वेळा श्वास घ्यायला लावला. त्या क्षणी स्टेथोचे पैसे वसूल झाले असं मला वाटलं.

पण मला सांगायचंय ते पुढचं. आम्हाला रक्ताभिसरण फिजिऑलॉजीत शिकवतात, रक्ताचे आजार पॅथॉलॉजीत आणि इम्युनॉलॉजी मायक्रोबायोलॉजीत. तीन विभाग, तीन जर्नलं, तीन तोंडी परीक्षा. हे तिन्ही एकाच छातीवर ऐकायला मिळतात हे मला या स्टेथोनं शिकवलं.

मेडिसिनला असताना एक मावशी दाखल झाल्या. धाप लागत होती, पापणीची आतली बाजू पांढरी, हिमोग्लोबिन ५. डायफ्राम ठेवला तर दोन आवाजांच्या मधे मऊ, फुंकर घातल्यासारखा मर्मर, म्हणजे रक्त वाहतानाचा जादाचा आवाज. सरांनी विचारलं, “कुठली झडप?” मी मायट्रल म्हणाले. सर म्हणाले, “झडपा चांगल्या आहेत. रक्त पातळ झालंय आणि हृदय जास्त रक्त ढकलतंय, त्याचा आवाज आहे.” एरवी मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरवणारं हृदय ॲनिमियात, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असताना, जास्त काम करतं, कारण प्रत्येक थेंब कमी ऑक्सिजन नेतो. रक्त चढवलं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि काही आठवड्यांनी त्या ओपीडीत आल्या तेव्हा मर्मर जवळजवळ ऐकू येत नव्हता. हिमोग्लोबिन मोजायच्या साहलीच्या नळीत आम्ही ज्या तपकिरी रंगाची जुळवाजुळव करत बसायचो, त्याला आवाज असतो हे तेव्हा समजलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला. हा मर्मर तुम्हाला भेटेलच, तो ओळखायला शिका.

बेलचं महत्त्व पेडियाट्रिक्सच्या वॉर्डात कळलं. एक शाळकरी मुलगी होती, पळताना दम लागायचा. मी डायफ्राम ठेवला, पहिला आवाज जरा मोठा वाटला, बाकी काही नाही. मॅडमनी तिला म्हटलं, “बाळा, डाव्या कुशीवर वळ. आता श्वास सोड आणि थांब.” मग मला म्हणाल्या, “बेल घे. नुसती टेकव, दाबू नकोस.” आणि दुसऱ्या आवाजानंतरच्या त्या रिकाम्या जागेत, लांबच्या घरात कुणी जातं फिरवावं तशी खालच्या सुरातली घरघर ऐकू आली. मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे अरुंद झालेली मायट्रल झडप. बेल जरा दाबली की नाहीशी व्हायची, कारण ताणलेली कातडीच डायफ्रामसारखं काम करते आणि खालचे सूर गाळून टाकते. माझा जुना स्टेथोही लावून पाहिला. त्याची बेल म्हणजे नुसती उथळ वाटी, त्यातून काहीच आलं नाही.

तिची झडप जंतूंनी थेट खाल्लेली नव्हती. घशात स्ट्रेप्टोकोकस या जंतूचा संसर्ग होतो, शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी आणि पेशी तयार करतं, आणि जंतूच्या एम नावाच्या प्रथिनाशी साम्य असल्यामुळे हृदयाच्या ऊतींवरही तोच हल्ला होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप, सुजलेले सांधे. आणि असे हल्ले पुन्हा पुन्हा झाले तर झडपेच्या पाकळ्या चिकटत जातात. मायक्रोबायोलॉजीत हे मला दीड पान पाठ होतं. आपल्याच संरक्षणाची चूक कानात घरघरते तेव्हा ते दीड पान पुन्हा पाठ करावं लागत नाही. पुढचे हल्ले टाळायला तिला दर २१ दिवसांनी बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं, तेही कित्येक वर्षं.

आता तक्रारी. डावं इअरटिप नवव्या महिन्यात चिरलं आणि बदलून मिळायला पाच आठवडे लागले, विक्रेत्यानं फोन उचलणंच बंद केलं होतं. सुटे भाग खरेदीच्या वेळीच मागून घ्या. उन्हाळ्यात घामानं आणि कातडीच्या तेलानं ट्यूब कडक होऊ लागते, म्हणून आता मी तो उघड्या मानेवर न ठेवता कॉलरवर किंवा खिशात ठेवते. थंडीत स्टील बर्फासारखं लागतं. लहान मुलांना तपासण्याआधी तळहातात धरून गरम करावंच लागतं.

स्वच्छतेबद्दल आग्रहानं सांगते. मायक्रोबायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला आम्ही आपापले डायफ्राम ब्लड अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या प्लेटवर, टेकवले आणि दुसऱ्या दिवशी प्लेटवर वसाहती उगवलेल्या पाहिल्या. तेव्हापासून प्रत्येक रुग्णानंतर स्पिरिटचा बोळा फिरवते.

स्टेथोच्या मर्यादाही आहेत. झडप किती अरुंद झाली हे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीच सांगते, आणि सिकल सेलसारख्या रक्ताच्या आजाराचं निदान रक्ताच्या तपासणीतूनच होतं. पण स्टेथोस्कोपचा शोध लावणाऱ्या लेनेकनं १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात कागदाची सुरळी करून ऐकलं, ते आजही खाटेजवळ सगळ्यात आधी करायचं काम आहे. विद्यार्थ्यानं इलेक्ट्रॉनिक स्टेथोवर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, आधी कान तयार होऊ द्यावा. अगदी स्वस्तही नको. दुकानात बेल फिरवून स्वतःच्या छातीवर टेकवून बघा. हलकी ठेवली आणि दाबली यात फरक ऐकू आला नाही तर तो घेऊ नका.

गेल्या आठवड्यात ती मुलगी इंजेक्शनसाठी आली होती. मी तिला डाव्या कुशीवर वळवलं, तळहातात गरम केलेली बेल हलकेच टेकवली. या वेळी ओपनिंग स्नॅपही, म्हणजे अरुंद झडप उघडतानाचा छोटा आवाजही, सापडला, दुसऱ्या आवाजाच्या लगेच मागे, आणि त्याच्या मागून घरघर.