आर्टिचोक: केळफूल सोलणाऱ्या हातांसाठी

बरणीतले, व्हिनेगरने आंबट झालेले आर्टिचोक पिझ्झावर खाऊन ज्यांनी या भाजीविषयी मत बनवले असेल, त्यांनी ते तूर्त बाजूला ठेवावे. ताज्या गड्ड्याचा गाभा उकडलेल्या फणसाच्या आठळीसारखा पिठूळ लागतो आणि त्यामागे अगदी पुसट कडवटपणा असतो.

पहिल्यांदा मी ते घरपोच भाजी देणाऱ्या एका ॲपवरून मागवले, तेव्हा पाकळ्या उघडलेला आणि कडांना वाळलेला माल पदरात पडला. म्हणून दुसऱ्या खेपेस, जानेवारीत, मी स्वतः क्रॉफर्ड मार्केट गाठले आणि परदेशी भाज्यांच्या एका गाळ्यावर निवडून दोन गड्डे घेतले. दोहोंचे 360 रुपये झाले. पाकळ्या घट्ट मिटलेल्या असाव्यात, गड्डा आकाराच्या मानाने जड लागावा आणि कानाजवळ दाबल्यावर किंचित करकरावा, एवढे पाहिले की फसगत होत नाही.

आर्टिचोक म्हणजे न उमललेली कळी. करडई तिच्या जवळच्या नात्यातली. ती साफ करण्याचे काम इंग्रजी पाककृती वाचताना अवघड वाटते, परंतु ज्याने केळफूल सोलले आहे त्याच्या हातांना त्यात नवे काही नाही. बाहेरच्या जून पाकळ्या काढायच्या, टोके छाटायची, आणि केळफुलातला ताठ दांडा जसा आपण वेचून टाकतो तसे मधले केस चमच्याने खरवडून काढायचे, कारण ते कितीही शिजवले तरी घशात अडकतात. चिरलेला भाग लगेच काळा पडतो. सवयीने मी तो आधी ताकाच्या पाण्यात टाकला; रंग बराचसा टिकला, पण वास राहिला, त्यामुळे येथे लिंबाचेच पाणी बरे. लोखंडी कढई आणि ॲल्युमिनियमचे पातेले मात्र टाळावे, त्यात भाजी करडी होते.

पहिला गड्डा अख्खाच ठेवून, केस न काढता, स्टीलच्या कुकरमध्ये जाळीवर बसवला आणि एका शिट्टीनंतर दहा मिनिटे मंद आचेवर राहू दिला. आतली पाकळी ओढताच सुटून आली, म्हणजे तो शिजला. पाकळी साजूक तूप, लिंबू आणि मिरपुडीत बुडवून तिच्या बुडाचा गर दातांनी ओढून घ्यायचा आणि चोथा ताटाच्या कडेला ठेवायचा. आमटीतली शेवग्याची शेंग खाणाऱ्यांना हे कोणी शिकवायला नको. गाभ्यापाशी पोहोचल्यावर केस खरवडले. त्यानंतर प्यायलेले पाणी मला आवळा खाल्ल्यासारखे गोड लागले. हा आर्टिचोकमधल्या सायनारिनसारख्या द्रव्यांचा परिणाम आहे, पण तो सर्वांना जाणवत नाही. सासूबाईंना पाणी पाण्यासारखेच लागले.

दुसरा गड्डा रोममधल्या ज्यू वस्तीतल्या पद्धतीने, आधी मंद आणि मग कडक तेलात, तळला. तिकडे वापरतात त्या गोल, केस जवळपास नसलेल्या जातीचा गड्डा पाकळ्यांसकट कुरकुरीत होतो. आपल्याकडे मिळालेल्या मोठ्या गड्ड्याच्या बाहेरच्या पाकळ्या तळूनही चिवट राहिल्या. उरलेल्या तुकड्यांना गोडा मसाला लावण्याचा मोह मला आवरला नाही आणि ते वाया गेले, कारण मसाल्याखाली त्यांची चव उरलीच नाही.

सोलून, खरवडून 340 ग्रॅमच्या या गड्ड्यातून जेमतेम 80 ग्रॅम खाण्याजोगे निघाले, तेव्हा चौघांच्या जेवणाची भाजी म्हणून हा सौदा परवडणारा नाही. दोघांनी निवांत बसून खाण्यासाठी वर्षातून एकदा मी तो पुन्हा करीन. देठाची साल तासली तर आतला मगज गाभ्याइतकाच चांगला लागतो, हे मला घरी आल्यावर कळले. भाजीवाल्याने दोन्ही देठ वजन करण्याआधीच उडवले होते. पुढच्या वेळी सुरी उचलण्याआधी त्याला थांबवणार आहे.