सिल्व्हरॅडो पिकअपच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा फिल्टर-संच : दोन खरेदींनंतरचा अभिप्राय

ह्युस्टनमध्ये माझ्याकडे २००५ सालची शेव्हरोले सिल्व्हरॅडो १५०० ही पिकअप आहे. तिला ५.३ लिटरचे व्ही-८ इंजिन आणि ४एल६०-ई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. या गिअरबॉक्सचे तेल आणि फिल्टर मी स्वतः दोनदा बदलले. पहिल्या वेळी बाजारातला सर्वांत स्वस्त संच घेतला, दुसऱ्या वेळी त्याच्या जवळजवळ दुप्पट किमतीचा. हा अभिप्राय त्या दुसऱ्या संचाविषयी आहे. पहिल्याचा उल्लेख तुलनेसाठी येईल. दोन्ही उत्पादकांची नावे मी मुद्दामच देत नाही, कारण एकच माल येथे निरनिराळ्या खोक्यांतून विकला जातो आणि खोक्यावरच्या नावापेक्षा आतल्या तीन वस्तू पाहणे अधिक उपयोगाचे आहे. त्या तीन वस्तू म्हणजे फिल्टर, पॅनचे (गिअरबॉक्सच्या तळाशी बोल्टांनी बसवलेल्या तेलाच्या तबकाचे) गॅस्केट, म्हणजे सांध्यातून तेल गळू नये म्हणून मध्ये बसणारी पट्टी, आणि फिल्टरच्या मानेवर बसणारे सील.

तेल बदलण्याची गरज का पडली, हे थोडक्यात सांगतो. शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या नियमपुस्तिकेत सामान्य वापरासाठी १ लाख मैलांचा आणि कठीण वापरासाठी ५० हजार मैलांचा टप्पा दिला आहे. बाहेरचे तापमान वारंवार ३२ अंश सेल्सिअसच्या वर जात असताना शहरातल्या दाट रहदारीत गाडी चालवणे किंवा नेहमी ट्रेलर ओढणे, हे त्या पुस्तिकेनुसार कठीण वापरात मोडते. ह्युस्टनचा उन्हाळा पाहता मला वेगळा विचार करण्याची गरजच नव्हती. शिवाय दरवर्षी गणेशोत्सवाआधी मंडळाचे मखर, पाट आणि पातेली यांनी भरलेला ट्रेलर याच गाडीच्या मागे लागतो.

आता गॅस्केटविषयी, कारण दोन संचांतला खरा फरक तेथेच आहे. स्वस्त संचात बुचाचे, म्हणजे कॉर्कचे पातळ गॅस्केट होते. पॅनला १६ बोल्ट असतात आणि ते ११ न्यूटन-मीटर इतक्याच जोराने आवळायचे असतात, म्हणजे मनगटाच्या जोरापेक्षा फारसे अधिक नाही. कॉर्क मात्र काही दिवसांत दबतो, बोल्ट सैल पडतात, तेल झिरपू लागते आणि मग माणूस पाना घेऊन पुन्हा आवळतो. मीही तेच केले. दोनदा आवळल्यावर एका कोपऱ्यात कॉर्क बाहेरच्या बाजूला फुटून आला आणि पॅनची कडा बोल्टाच्या भोकापाशी आत दबली. अशी दबलेली कडा सपाट पृष्ठभागावर ठेवून लहान हातोडीने सरळ केल्याशिवाय त्यावर कोणतेही गॅस्केट नीट बसत नाही.

दुसऱ्या संचातले गॅस्केट धातूच्या गाभ्यावर ओतलेल्या रबराचे आहे. कारखान्यातून गाडीला बसवून येते त्याच जातीचे ते असून, रबर फाटलेले किंवा कडक झालेले नसेल तर ते पुन्हा वापरता येते. गाभा धातूचा असल्याने बोल्ट ठरावीक जोरावर येऊन थांबतात आणि पुढे सैल पडत नाहीत. सांगण्यासारखी गंमत अशी की, पहिल्या वेळी मी गाडीचे मूळ रबरी गॅस्केट काढून कचऱ्यात टाकले आणि त्या जागी नवा कॉर्क बसवला. अर्थात पैसे देऊन चांगली वस्तू वाईट वस्तूने बदलली. दुसऱ्या संचाला चौदा महिने झाले. पॅनखाली पुठ्ठा ठेवून मी अनेकदा पाहिले आहे, त्यावर एकही थेंब पडलेला नाही. गॅस्केटला कोणतेही सिलिकॉन लावलेले नाही आणि लावूही नये, कारण आत दाबला गेलेला सिलिकॉनचा तुकडा सुटून फिल्टरमध्ये किंवा व्हॉल्व्हमध्ये अडकू शकतो.

फिल्टरविषयी सांगण्यासारखे फार थोडे आहे. या गिअरबॉक्सचे पॅन उथळ आणि खोल अशा दोन प्रकारांचे असतात आणि दोन्हींचे फिल्टर वेगळे असतात. खोल पॅनमध्ये उथळ पॅनचा फिल्टर बसवला तर त्याचे तोंड तळापासून वर राहते आणि चढावर किंवा वळणावर पंप हवा ओढू शकतो. विकत घेताना केवळ गाडीचे वर्ष सांगून भागत नाही; पॅनची खोली स्वतः पाहून घ्यावी. माझ्या दोन्ही खोक्यांतला फिल्टर योग्य निघाला आणि दोहोंत मला डोळ्यांनी दिसेल असा फरक आढळला नाही.

सील हा या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे. फिल्टरची नळी ज्या भोकात जाते ते थेट पंपाचे शोषण-भोक असून, त्यात धातूच्या कवचाचे सील ठोकून बसवलेले असते. फिल्टर ओढला की तो निघतो, सील मात्र वरच राहते. ते काढताना पेचकस भोकाच्या भिंतीवर घासला आणि ओरखडा उमटला, तर तेथून हवा शिरते, पंप गुणगुणू लागतो आणि गिअर उशिरा लागतात. जुन्या सीलची कडा एका बाजूने हलकेच आत दुमडून, ते आकुंचित झाल्यावर पकडीने खाली ओढावे. मला या एका गोष्टीला पाऊण तास लागला आणि त्या वेळात गिअरबॉक्समधले उरलेले तेल थेंबाथेंबाने माझ्या चष्म्यावर पडत राहिले. स्वस्त संचातले सील इतके सैल होते की ते बोटाने आत गेले.  दुसऱ्या संचातले सील योग्य मापाचा सॉकेट लावून हातोडीने हळूहळू ठोकावे लागले. ते तसेच लागायला हवे, आणि जास्तीच्या किमतीचा मोठा भाग मी याच्याच नावावर लिहीन.

काम करताना जो त्रास होतो त्याचा दोष मात्र कोणत्याच संचाला देता येत नाही. माझ्या गाडीच्या मूळ पॅनला तेल काढण्याचा बोल्ट नाही. त्यामुळे मागचे आणि बाजूचे बोल्ट काढून, पुढचे थोडे सैल ठेवून पॅन तिरका करावा लागतो आणि तेल ज्या कडेवरून यायचे त्या कडेवरून येते. त्यातच गिअर-केबलचा ब्रॅकेट एका बोल्टाच्या आड येतो आणि धुराड्याचा पाइप पॅनच्या खालून जातो. तेल कोमट असताना काम करावे, गरम असताना नव्हे. आणि खाली ठेवायचे भांडे आपल्याला वाटते त्याच्या दुप्पट रुंद घ्यावे. माझे वडील एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. व्हिडिओ कॉलवर पॅनमधले तेल पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो इंजिनात कुंकू कोणी कालवले, हा. साध्या गिअरबॉक्सच्या काळ्या, दाट तेलात आयुष्य गेलेल्या माणसाला हे पातळ, लाल तेल खेळण्यातले वाटणे साहजिक होते. बोल्ट मधल्यापासून सुरुवात करून आलटून-पालटून आवळायचे, हे मात्र त्यांनीच बसून करून घेतले.

पॅनच्या तळाशी एक लोहचुंबक असतो. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप दिसला तर घाबरण्याचे कारण नाही, ती रोजची झीज आहे. चमकणारे कपटे किंवा क्लचच्या अस्तराचा काळा चुरा पुष्कळ दिसला, तर मात्र नवे तेल घालून काहीही सुधारणार नाही. या गिअरबॉक्सचा तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच जळणे हे त्याचे प्रसिद्ध दुखणे, आणि गाडीच्या संगणकात पी१८७० हा बिघाडाचा कोड येत असेल तर त्याचे मूळ बहुधा झिजलेल्या व्हॉल्व्हच्या भोकात असते. अशा वेळी फिल्टर-संचावर केलेला खर्च वायाच जातो. माझ्या चुंबकावर लेपच होता.

तेलासाठी मी डेक्सरॉन-६, म्हणजे जनरल मोटर्सने ठरवून दिलेल्या प्रतीचे गिअरबॉक्स-तेल वापरले. २००५ च्या गाडीत कारखान्यातून डेक्सरॉन-३ येत असे. २००६ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने डेक्सरॉन-६ भरायला सुरुवात केली आणि ते जुन्या गाड्यांनाही चालते. बाटलीवर इंग्रजी ‘J’ या अक्षराने सुरू होणारा परवाना क्रमांक आहे की नाही, हे पाहून घ्यावे. रिकाम्या गिअरबॉक्समध्ये १०.६ लिटर तेल मावते, परंतु पॅन काढल्यावर त्यातले सुमारे ४.७ लिटरच बाहेर येते, कारण उरलेले टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाची शक्ती तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात) आणि तेल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्यांमध्ये राहते. म्हणजे एका वेळी केवळ ४४ टक्के तेल नवे होते आणि दुसऱ्यांदा केल्यावर हिशेबाने ६९ टक्क्यांपर्यंत जाते. यंत्राने सगळे तेल एकाच वेळी बदलून देणारी सेवा येथे जागोजागी मिळते, पण बहुतेक ठिकाणी त्यात पॅन उघडतच नाहीत. म्हणजे फिल्टर जुनाच राहतो आणि चुंबकाकडे कोणी पाहत नाही. मला तो व्यवहार पटला नाही.

भरताना सुरुवातीला चार लिटरच ओतावे, इंजिन चालू करून ब्रेकवर पाय ठेवून प्रत्येक गिअर क्षणभर लावावा आणि मग थोडे-थोडे वाढवावे. अंतिम पातळी सपाट जागेवर, इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये, तेल ८२ ते ९३ अंश सेल्सिअसवर असताना डिपस्टिकवर पाहावी. त्यासाठी पंधराएक मैल गाडी फिरवून आणावी लागते. जास्त झालेले तेल फेसाळते, आणि पॅनला बोल्ट नसल्याने ते काढणे हा पुन्हा वेगळा उद्योग होतो. जुने तेल मोठ्या ऑटो पार्ट्सच्या दुकानांत विनामूल्य स्वीकारले जाते.

खर्चाचा हिशेब असा की, स्वस्त संच मला १९ डॉलरना आणि दुसरा ३६ डॉलरना पडला. तेलाचे साधारण ४५ वेगळे. १७ डॉलर वाचवण्याच्या मोहापायी पहिल्या वेळी मी त्याच गाडीखाली तीन शनिवार घालवले. दुसऱ्या संचाला मी पाचपैकी चार तारे देतो. एक कमी केला, कारण खोक्यात बोल्टांच्या जोराचा आकडा कोठेही छापलेला नव्हता, आणि गिअरबॉक्सचे केसिंग, म्हणजे बाहेरचे कवच, अॅल्युमिनियमचे असल्यामुळे जो माणूस अंदाजाने आवळेल त्याचे आटे जाण्याची भीती आहे. पुढच्या वेळी गॅस्केट हेच राहील, फिल्टर आणि सील याच संचातले घेईन. पॅन मात्र तेल काढण्याचा बोल्ट असलेला, असा आताच मागवून ठेवला आहे.