फ्रंटियर धाटणीचं रिव्हॉल्व्हर, वर्षभर वापरून: आधी स्प्रिंगची चौकशी करा

१८७३ च्या कोल्टच्या धाटणीचं सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर (म्हणजे प्रत्येक गोळीआधी मागचा घोडा अंगठ्याने ओढावा लागतो असं) घ्यायला निघाला असाल, तर नळी किती इंची आणि मूठ कसल्या लाकडाची हे नंतर विचारा. पहिला प्रश्न हा विचारा की आत सिलिंडर जागेवर धरणाऱ्या बोल्टची स्प्रिंग पट्टीची आहे की तारेची. माझ्याकडच्या इटालियन बनावटीच्या, .४५ कोल्ट नावाचं काडतूस वापरणाऱ्या प्रतीची ही स्प्रिंग वॉरंटी चालू असताना तुटली. चार-पाच डॉलरचा तो भाग मिळवताना जो मनस्ताप झाला, त्यामुळेच हे एवढं सविस्तर लिहितोय.

आधी संदर्भ. मी फिनिक्समध्ये राहतो आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, बेन एव्हरीच्या रेंजवर जातो. कागदी टार्गेट आणि लोखंडी पाट्या, बस्स. शिकार नाही, स्वसंरक्षणाचा हेतू नाही. भारतातले परवान्याचे नियम पूर्ण वेगळे आहेत, त्यामुळे हा अनुभव मुख्यतः इकडे अमेरिकेत राहणाऱ्यांच्या उपयोगाचा.

आता ती स्प्रिंग. जुन्या कोल्टच्या रचनेत पोलादाची एकच चपटी पट्टी पुढे चिरून तिचे दोन पाय केलेले असतात. एक पाय चापाला रेटतो, दुसरा बोल्टला. बोल्ट म्हणजे सिलिंडरच्या खाचेत खालून वर येऊन बसणारा खटका. गोळी सुटताना चेंबर (सिलिंडरमधली काडतूस बसायची पोकळी) नळीच्या बरोबर समोर धरून ठेवायचं काम त्याचं. प्रत्येक वेळी घोडा ओढला की हे दोन्ही पाय वाकतात. पट्टी जिथे चिरलेली असते त्या कोपऱ्यात सगळा ताण साठतो आणि एक दिवस तिथूनच ती मोडते. माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये बोल्टचा पाय गेला. घोडा ओढला तर नेहमीचा शेवटचा कडक ‘टक’ आलाच नाही, आणि बोटाने हलवलं तर सिलिंडर मोकळा फिरत होता. घोडा सावकाश खाली घेतला, काडतुसं भरायचं बाजूचं गेट उघडून काडतुसं एकेक करून बाहेर काढली आणि तिथेच थांबलो. चेंबर आणि नळी एका रेषेत नसताना गोळी सुटली तर शिशाचे कपटे बाजूने उडतात, शेजारच्या लेनवरच्या माणसाला लागू शकतात. त्यामुळे ‘एवढी भरलेली संपवून टाकू’ हा विचार सुद्धा करू नका.

सेवा केंद्राला फोन केला. उत्तर मिळालं की स्प्रिंग हा झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही. तरीही तपासून हवं असेल तर अख्खं रिव्हॉल्व्हर पाठवा, पाठवणावळ तुमची. आमच्याकडे हे पार्सल परवानाधारक दुकानामार्फत पाठवावं लागलं असतं, म्हणजे दुकानाचं शुल्क वेगळं आणि विम्यासकट कुरियर वेगळं. हिशेब केला तर त्या पैशात तशा डझनभर स्प्रिंगा आल्या असत्या. नुसती स्प्रिंग पाकिटात घालून पाठवा म्हटलं, तर ‘आम्ही सुटे भाग ग्राहकाला बसवायला देत नाही’. सहाशेच्या वर डॉलर मोजलेल्या माणसाला चार डॉलरच्या पट्टीसाठी असं ताटकळत ठेवणं मला अजिबात पटलेलं नाही, आजही पटत नाही.

त्या आठवड्यात माझं मत पक्कं झालं होतं: हे विकायचं आणि रुगर या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचं घ्यायचं. त्यामागे कारणही होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्टने हे मॉडेल बंद केलं आणि १९५६ साली परत आणलं. मधल्या काळात रुगरने १९५३ मध्ये .२२ चं सिंगल सिक्स आणि १९५५ मध्ये ब्लॅकहॉक काढलं. बाहेरून ठेवण तीच, पण आत पट्ट्यांच्या जागी वेटोळ्यांच्या स्प्रिंगा. वेटोळ्यात ताण सगळीकडे वाटला जातो, म्हणून त्या सहसा मोडत नाहीत. १९७३ पासून त्यांनी ट्रान्सफर बार घातला: चाप मागे ओढलेला असेल तरच घोड्याचा ठोका काडतुसावर आपटणाऱ्या पिनपर्यंत पोहोचतो, एरवी नाही. त्यामुळे सहाच्या सहा चेंबर भरून ठेवता येतात. १९७३ च्या आधीचं रुगर कुणाकडे असेल तर त्यात ही सुरक्षेची दुरुस्ती कंपनी आजही मोफत करून देते. माझ्या प्रकरणानंतर ही गोष्ट मला फार मोठी वाटली.

पण विकायच्या आधी एकदा उघडून बघावं म्हणून बसलो, आणि तिथे मत बदललं. मूठ आणि मागची पट्टी काढली, मुख्य स्प्रिंग सोडवली, चापाचं कडं उतरवलं की ती चिरलेली पट्टी एकाच स्क्रूवर बसलेली समोर दिसते. पिना नाहीत, रिवेट नाही, गोंद नाही. दीडशे वर्षांपूर्वी एखाद्या खेड्यातल्या लोहाराला सुद्धा दुरुस्त करता यावं अशी ही रचना आहे, आणि हे हातात घेतल्याशिवाय नुसतं वाचून पटत नाही. सुट्या भागांच्या विक्रेत्याकडून तारेची स्प्रिंग मागवली. तीच जागा, तोच स्क्रू, फक्त पट्टीऐवजी वाकवलेली पोलादी तार. बसवल्यावर चाप हलका झाला, घोडा ओढताना लागणारी खरखर गेली, आणि उन्हाळाभर वापरूनही ती जशीच्या तशी आहे. कारखान्यातूनच ही तार का घालत नाहीत हा माझा प्रश्न कायम आहे. मूळची रचना जपायची म्हणून? मग निदान डब्यात एक जादा पट्टी तरी ठेवा.

स्क्रूड्रायव्हर मात्र बंदुकीच्या कामाचाच घ्या, ज्याचं पातं टोकाशी सरळ आणि सपाट घासलेलं असतं. घरातला निमुळत्या पात्याचा वापरलात तर स्क्रूच्या खाचा कायमच्या कुरतडल्या जातात. हे स्क्रू गोळीबाराच्या धक्क्याने सैलही होतात, विशेषतः रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टरच्या नळीचा. दर खेपेला घरी आल्यावर सगळे एकदा तपासायचे.

नेमाबद्दल थोडक्यात सांगता येत नाही, कारण या धाटणीत मागची साइट म्हणजे चौकटीच्या माथ्यावरची नुसती खोबण आणि पुढे एक पातळ माशी. फिरवायला स्क्रू नाही. माझ्या गोळ्या सुरुवातीला खाली लागत होत्या. रेंजवरचे दोघेतिघे लगेच कानस काढा म्हणाले, कारण माशी खाली घासली की गोळी वर लागते, आणि कारखाना माशी मुद्दाम थोडी उंच ठेवतो हेही खरं. पण आधी काडतूस बदलून बघा. मी २०० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळीवरून २५० ग्रेनवर गेलो आणि पंधरा यार्डांवर गोळ्या वर सरकून नेमाच्या जागी आल्या. जड गोळी नळीत जास्त वेळ राहते, तोवर धक्क्याने नळी थोडी वर उचलली गेलेली असते. घासलेली माशी परत भरून येत नाही, म्हणून काडतूस ठरल्याशिवाय कानस लावायची नाही. डावी-उजवीकडची चूक असेल तर नळीच चौकटीत किंचित पिळावी लागते. ते काम कारागिराचं. ही कटकट नको असेल तर ब्लॅकहॉकची मागची साइट स्क्रूने सरकते. दिसायला जुनी वाटत नाही, पण टार्गेटवर खूप त्रास वाचवते.

माझ्या प्रतीत ट्रान्सफर बार नाही, म्हणून भरण्याची जुनी रीत पाळावीच लागते: एक भरा, एक सोडा, चार भरा, मग घोडा पूर्ण ओढून हळू खाली घ्या, म्हणजे घोड्याखाली रिकामं चेंबर येतं. पाचच गोळ्या. काही नव्या इटालियन प्रतींमध्ये मागे सरकणारी पिन आली आहे, माझ्यात नाही. मला पाचने काही फरक पडला नाही.

फरक पडला तो खिशाला. आमच्या दुकानात एका .४५ कोल्टच्या काडतुसाच्या पैशात .२२ ची आठ-दहा येतात. .३५७ मॅग्नम घेतलं तर त्यात .३८ स्पेशल चालतं आणि ते .४५ पेक्षा बरंच स्वस्त पडतं, फक्त लांडी .३८ खूप वापरली तर चेंबरमध्ये काजळीचं कडं साठतं, ते ब्रशने नीट घासून काढायचं. मी .४५ घेतलं कारण मूळचं तेच होतं, आणि त्याचा जड, संथ धक्का मला आजही सगळ्यात जास्त आवडतो. पण रिकाम्या पुंगळ्या गोळा करून घरी परत भरत नसाल तर .४५ नेहमीच्या सरावाला परवडणार नाही.

म्हणून नव्या माणसाला माझा सल्ला असा की पहिलं रुगरचं .२२ घ्या किंवा .३५७ घ्या, आणि वर्षभर मनसोक्त वापरा. ज्यांना १८७३ चीच ठेवण आणि घोडा ओढतानाचे ते चार ‘टक’ हवे आहेत, त्यांनी इटालियन प्रत बिनदिक्कत घ्यावी. माझी मी आता विकणार नाही. पण पहिल्याच दिवशी तारेची बोल्ट-स्प्रिंग मागवा, तिच्याबरोबर हँडची, म्हणजे सिलिंडर फिरवणाऱ्या भागाची, एक जादा स्प्रिंग मागवा, कारण जुन्या रचनेत तीही पट्टीचीच असते. आणि पैसे मोजायच्या आधी दुकानदाराकडून लिहून घ्या की सुटे भाग कोण देणार आणि पाठवणावळ कोण भरणार.